मुलाणी सर उभे आहेत

मुलाणी सर चांगले होते का, असं मला कुणी विचारलं की मी आधी चहा सांगते. एका वाक्यात देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही, आणि चहा येईपर्यंत विचार करायला जरा सवड मिळते. चहा येतो, पिऊन होतो, कप विसळून जागेवर जातो, आणि मी असते तिथंच असते. गायकवाड सर म्हणतात देवमाणूस. विनायक म्हणतो डोक्याने सरकलेला. मी दोघांनाही हो म्हणते.

आमचं विद्यापीठ चाकणच्या पलीकडे, कारखान्यांच्या पाठीला पाठ लावून उभं आहे. खासगी आहे. वर्गाच्या खिडकीतून पत्र्याच्या शेड दिसतात आणि पहिली पाळी सुटली की प्राध्यापकांना आवाज चढवावा लागतो, कारण बाहेर कंपन्यांच्या बसगाड्यांचे हॉर्न सुरू होतात. शिकायला येणारी मुलं बरीचशी त्या शेडमध्ये राबणाऱ्यांचीच. जालन्याहून, बीडहून, सोलापूरहून पोटामागे आलेल्या माणसांची. मीही लातूरकडची. रहाटणीत भाड्याच्या दोन खोल्या, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये आमचे हे, आणि विद्यापीठाच्या संगणक विभागात मी.

विभाग म्हटलं की मोठं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात तळमजल्याच्या टोकाला एक लांबट खोली, तिच्या पोटात सर्व्हरची काचेची खोली, आणि आम्ही तिघं. गायकवाड सर प्रमुख. विनायक परब सर्व्हर आणि वायरी बघायचा. सावंतवाडीकडचा, मासे मिळत नाहीत म्हणून कायम वैतागलेला. आणि दाराशी मदतकक्षाच्या खिडकीत मी. इंटरनेट बंद पडलं की आम्ही तिघं गुन्हेगार, आणि चालू असलं की आम्ही आहोत हे कुणाच्या गावीही नाही.

तर अशा या विभागाचं काय करायचं, हा प्रश्न संस्थेच्या विश्वस्तांना पडला. हिंजवडीकडची एक कंपनी मागे लागली होती की सगळं काम आमच्याकडे द्या, तुमची डोकेदुखी आमच्यावर सोडा. थोरल्या विश्वस्तांचा स्वतःचा सुट्या भागांचा कारखाना. ते म्हणाले, आधी तपासणी होऊ दे. वर्षभर एक माणूस नेमू. त्यानं विभागाचं काम बघावं, सुधारता आलं तर सुधारावं, आणि वर्षाअखेर एकच सांगावं: विभाग ठेवायचा, की बाहेर द्यायचा. आम्ही तिघंही कंत्राटावर होतो. बाहेर दिला की आम्ही घरी, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आता संगणकाची तपासणी करायला कुणी संगणकवाला येईल असं आम्हाला वाटलं. आले याकूब मुलाणी. राजगुरुनगरच्या पलीकडच्या एका गावचे, जन्मभर ब्रेकच्या कारखान्यात दर्जा तपासणीला, शेवटी तिथला मोठा अधिकारी होऊन निवृत्त. बुटका बांधा, कातरलेली पांढरी दाढी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायात कारखान्यातले ते पुढून लोखंडी बूट. विद्यापीठात पायावर काय पडणार होतं देव जाणे, पण बूट वर्षभर सुटले नाहीत. ते येताना लांबूनच ठकठक ऐकू यायची आणि विनायक मोबाइल खिशात घालायचा.

पहिल्या दिवशी गायकवाड सरांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. मुलाणी सरांनी ती बघितली, छान हाय म्हणाले, आणि खिशातून खडू काढला. मग माझ्या खिडकीसमोर, व्हरांड्याच्या फरशीवर, वाकून एक गोल काढला. साधारण परातीएवढा. आणि त्यात जाऊन उभे राहिले.

आम्ही तिघंही बघत राहिलो. दहा-पंधरा मिनिटांनी निघतील असं वाटलं. ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलले नाहीत. सुट्टीत डबा काढला, भाकरीवर भाजी घेतली आणि तीही तिथंच उभ्याउभ्या खाल्ली. मुलं बिचकून गोलाला वळसा घालून माझ्या खिडकीशी यायला लागली. झाडलोटीच्या मंदामावशींनी सगळा व्हरांडा पुसला आणि तेवढा गोल कोरडा ठेवला. मला बाजूला घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, कुणी काय केलंय का? लिंबू आणू?"

दुपारी कुलसचिव मॅडम आल्या. त्या आल्या की भिंतीसुद्धा सरळ उभ्या राहतात. मुलाणी सरांची आणखी एक तऱ्हा सांगायची राहिली. आम्हाला सगळ्यांना, मंदामावशींना धरून, ते 'साहेब' म्हणायचे. आणि खऱ्या साहेब लोकांना ताई, भाऊ.

"हे काय आहे, मुलाणी?" मॅडमनी विचारलं.

"गोल हाय, ताई."

"ते दिसतंय मला. कशासाठी?"

"मी हितनं हलू नये म्हणून."

मॅडम आल्या पावली परतल्या. नंतर गायकवाड सरांनी सांगितलं की कारखान्यात ही रीतच असते. नव्या माणसाला यंत्रासमोर असं उभं करतात आणि पाळी संपेपर्यंत नुसतं बघ म्हणतात. असेल. पण यंत्राला त्याचं काही वाटत नाही. मला दिवसभर घाम फुटला होता.

संध्याकाळी ते गोलातून बाहेर आले, पाय झटकले आणि मला म्हणाले, "साहेब, तुमी दिसभर एकच काम केलं."

माझं डोकंच फिरलं. सकाळपासून मी मान वर केली नव्हती. प्रिंटर, वाय-फाय, परीक्षेचे अर्ज, रडणारी मुलं, ओरडणारे प्राध्यापक. "एकच? मी काय काय केलं ते बघितलं नाही का तुम्ही?"

"बघितलं की. पासवर्ड. लोक पासवर्ड इसरतात आन् तुमी नवा देता. बाकीचं मधी मधी." एवढं बोलून ते बूट वाजवत निघून गेले. कौतुक होतं का टोमणा होता, मला कळलं नाही. बसमध्ये आठवून बघितलं, तर बोलणं खरं होतं, आणि त्यामुळे आणखीच राग आला.

त्यांचं एक बोलणं आमच्या कानात कायमचं बसलं. "माणसाकडं बघायचं न्हाई. कामाकडं बघायचं." कुणी चुकलं की ते हेच म्हणायचे. एकदा विनायकने चुकीची वायर ओढली आणि परीक्षा चालू असलेली अख्खी प्रयोगशाळा अंधारात गेली. मुलांची उत्तरं अर्धवट राहिली, पालकांचे फोन सुरू झाले. विनायक पांढराफटक पडून काचेच्या खोलीत उभा होता. आता हा गेला, असं मला वाटलं. मुलाणी सर आले. आवाज चढवला नाही.

"कोणती वायर वडली?"

"ही. ती ओढायची होती, सर. पण ही ओढली मी."

"का?"

"दोन्ही काळ्याच आहेत."

"का काळ्या?"

"होत्याच तशा. आम्ही येण्याआधीपासून."

"मंग तुमी त्यांना खुणा का न्हाई केल्या?"

विनायक म्हणाला, "कोणी सांगितला नाय."

मुलाणी सरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते रंगीत चिकटपट्ट्यांच्या गुंडाळ्या घेऊन आले आणि दोघांनी मिळून प्रत्येक वायरीला रंग दिला. त्यानंतर ती चूक पुन्हा झाली नाही, आणि विनायकला कुणी बोल लावला नाही. गायकवाड सरांच्या आधी जे प्रमुख होते त्यांच्या राज्यात त्याला माफीपत्र लिहावं लागलं असतं. मी मनातून सरांना हात जोडले.

पण एक गोष्ट मला खटकली आणि अजून खटकते. विनायकची आई त्या आठवड्यात दवाखान्यात होती. तो रात्र रात्र तिच्या उशाशी बसून सकाळी कामावर येत होता. डोळे उघडत नव्हते त्याचे. 'का' विचारत विचारत सर वायरीच्या रंगापर्यंत गेले, विनायकच्या डोळ्यांपर्यंत आलेच नाहीत. मी म्हटलंही त्यांना, "सर, त्याची आई आजारी आहे." तर म्हणाले, "आसं व्हय? बरं वाटू दे." आणि चिकटपट्टी कापायला लागले. निर्दय नव्हते हो ते. पण काय होते, ते सांगता येत नाही.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी कुठूनशी एक लाल बत्ती पैदा केली. कारखान्यात यंत्रांच्या डोक्यावर असते ना, तसली. ती आमच्या दारावर लावली आणि खाली एक बटण. ज्याला संगणकाची काही अडचण असेल त्यानं बटण दाबावं, बत्ती पेटेल, आणि विभागातल्या तिघांनी हातातलं काम टाकून धावत यावं. कारखान्यात असं बटण दाबलं की पट्टाच थांबतो म्हणे, आणि दाबणाऱ्याला कुणी रागवत नाही.

पहिले कितीतरी दिवस बत्ती पेटलीच नाही. गायकवाड सर खूश. "बघा सर, तक्रारच नाही."

मुलाणी सरांचा चेहरा पडला. "तक्रार न्हाई का लोकांला तोंड न्हाई?" ते विभागाविभागांत फिरून लोकांना सांगायला लागले की बाबांनो, दाबा बटण, हरकत न्हाई, कायबी आसूं द्या. आम्ही कपाळाला हात लावला. एकीकडे आमच्या नोकऱ्या टांगणीला, आणि हा गृहस्थ गावभर फिरून आमच्याविरुद्ध तक्रारी गोळा करतोय. हा आमच्या बाजूचा का त्या हिंजवडीवाल्यांच्या?

मग लोकांना चटक लागली. पंखा फिरत नाही, दाबा बटण. पाणी आलं नाही, दाबा. इतिहासाच्या एका सरांनी तर त्यांचा चष्मा सापडत नाही म्हणून दाबलं. बत्ती दिवसभर लाल, आणि आम्ही तिघं धावून धावून अर्धे. मुलाणी सर मात्र एवढे खुलले होते की बघत राहावं. प्रत्येक तक्रार ते फळ्यावर लिहायचे, आणि तो फळाही व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

तक्रारीचं त्यांना असं वेडच होतं. ईदला किटलीभर शीरखुर्मा आणला. आम्ही मिटक्या मारत होतो, तर हे समोर उभे. "काय कमी हाय ते सांगा."

"काही नाही सर, फारच छान आहे."

"छान नगा सांगू. कमी सांगा."

शेवटी विनायक चाचरत म्हणाला, "साखर जरा जास्त झालीय." सरांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथंच फोन काढला आणि बायकोला कळवून टाकलं. पलीकडून काकूंचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला, "या घरी. मंग सांगते काय कमी हाय ते!" सर फोन ठेवून शांतपणे म्हणाले, "ह्ये बरं झालं. आता फुडच्या ईदीला सुधारंल." पुढच्या ईदला काकूंनी किटली पाठवली नसती तरी मी त्यांना दोष दिला नसता.

विश्वस्तांची एक फेरी झाली तेव्हाची गंमत तर गायकवाड सर अजून घाम पुसत सांगतात. मंडळी जिना उतरत होती आणि बत्ती लाल. गायकवाड सरांनी पटकन स्टुलावर चढून ती पिळून सैल केली. विझली. तेवढ्यात ठकठक ऐकू आली. मुलाणी सरांनी वर बघितलं, गायकवाड सरांकडे नव्हे, बत्तीकडे. आणि स्वतः स्टुलावर चढून ती पुन्हा घट्ट केली. विश्वस्त आले ते लालभडक दारातून. थोरल्या विश्वस्तांनी फळा वाचला, ओठ मुडपले आणि पुढे गेले. त्या दिवशी मी घरी जाऊन ह्यांना म्हटलं, "दुसरी नोकरी बघायला घेते." हे म्हणाले, "पण माणूस कसा आहे तो?" मी म्हटलं, "तेच कळत नाही ना."

आणि तरीही, पासवर्डची भानगड त्यांनीच उलगडली. निकालाच्या आठवड्यात दरवर्षी आमची दाणादाण उडते. शेकडो मुलं पासवर्ड विसरलेली, संगणक त्यांच्या मोबाइलवर नवा आकडा पाठवतो, आणि मुलं म्हणतात आकडा आलाच नाही. वर्षानुवर्षं आम्ही समजत होतो की आमचा सर्व्हर दमतो. विनायकने नव्या सर्व्हरची मागणीही करून ठेवली होती. मुलाणी सर त्या आठवड्यात पुन्हा गोल काढून उभे राहिले आणि खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक पोराला विचारायला लागले.

"आकडा का न्हाई आला?"

"माहीत नाही सर."

"नंबर कोनचा दिलाय?"

"माझाच असेल ना."

"आसंल का हाय? बघा, साहेब."

मी बघितला. मुलाचा नंबर नव्हता. पुढच्या मुलाचाही नव्हता. आणि गंमत म्हणजे दोघांचा नंबर एकच होता. त्यापुढच्या मुलीचाही तोच. मला वाटलं कुणीतरी आमच्या यंत्रणेत शिरलंय, मोठा घोटाळा आहे. गायकवाड सर पोलिसांत जायच्या गोष्टी करायला लागले.

मुलाणी सरांनी त्या नंबरला सरळ फोन लावला. उचलला फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या तांबोळीनं.

झालं होतं असं की प्रवेशाच्या वेळी निम्मी मुलं आमचा ऑनलाइन अर्ज तांबोळीच्या दुकानातून भरून घ्यायची. आईबाप कामावर, पोरगं गोंधळलेलं, घरात एकच मोबाइल आणि तोही बापाबरोबर कंपनीच्या फाटकाशी जमा. अर्जात नंबर टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग तांबोळी बिनधास्त स्वतःचा नंबर टाकायचा आणि गाडी पुढे ढकलायचा. त्यामुळे आम्ही इकडून पाठवलेला एकूण एक आकडा तांबोळीच्या खिशात वाजत होता.

सर मला घेऊन त्याच्या दुकानात गेले. तांबोळी आमच्यावरच उखडला. "तुमीच ते मेसेज पाठवताय व्हय? निकाल लागला की फोन तापून लाल व्हतो माझा! ब्लॉक करून टाकलेत सगळे." सरांनी चहा मागवला आणि तिथंही त्यांचं सुरू झालं. का टाकला नंबर? का नाही पोराचा टाकला? पोराकडे का नव्हता? तांबोळी बिचारा उत्तरं देत गेला, आणि चहा संपेपर्यंत सगळं स्वच्छ दिसायला लागलं. नवा सर्व्हर नको होता. प्रवेशाच्या दिवशी मुलाला समोर बसवून त्याचा नंबर तपासून घ्यायला हवा होता, आणि ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याला माझ्या खिडकीशी ओळखपत्र दाखवून पासवर्ड मिळायला हवा होता. आम्ही तसं केलं, आणि आधीच्या मुलांचे नंबरही दुरुस्त करून घेतले. पुढच्या निकालाला माझ्या खिडकीसमोर रांग नव्हती. मला इतकं चुकल्यासारखं झालं की मी दोनदा उठून इंटरनेट चालू आहे ना ते बघून आले.

म्हणजे माणूस कामाचा होता. मग कोड्यात टाकणारं काय होतं? हेच, की वर्षअखेर तो काय सांगणार हे त्याच्या वागण्यावरून कधीही ताडता यायचं नाही. चांगलं झालं तरी तोच चेहरा, वाईट झालं तरी तोच. विनायकने एकदा धीर करून विचारलं, "सर, आमचा काय होणार?" तर म्हणाले, "ते शेवटी बघू." दिलासा नाही, धमकी नाही. दाताच्या डॉक्टरसारखं.

वर्ष संपलं. विश्वस्तांची बैठक लागली. पडदा आणि प्रोजेक्टर सांभाळायला मी आत होते, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलेलं आहे. थोरले विश्वस्त मधोमध, बाजूला कुलसचिव मॅडम, टोकाला गायकवाड सर, ज्यांना पाणी प्यायचंही सुचत नव्हतं. मुलाणी सर उभे. पडद्यावर तक्रारींचा आलेख, डावीकडून उजवीकडे चढत गेलेला.

"मुलाणी, तुम्ही आल्यापासून तक्रारी वाढल्यात," थोरले विश्वस्त म्हणाले.

"व्हय भाऊ. लई वाढल्या."

"मग ही सुधारणा म्हणायची?"

"आधी लोक बोलत नव्हती. आता बोलाय लागली. ह्या महिन्यात जरा कमी झाल्यात."

"म्हणजे सुधारलं."

"म्हणता येत न्हाई. बरं वाटलं म्हणून गप झाली, का कट्टाळून गप झाली, ते अजून दिसत न्हाई."

थोरल्या विश्वस्तांचा आवाज चढला. "मला सरळ सांगा. विभाग ठेवायचा का बाहेर द्यायचा?"

माझा हात प्रोजेक्टरच्या बटणावर होता. रहाटणीच्या दोन खोल्या, पोरीची शाळा, ह्यांचं पाठीचं दुखणं, सगळं त्या एका उत्तराशी बांधलेलं. मुलाणी सरांनी पडद्याकडे बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाले, "मला म्हाईत न्हाई."

थोरल्या विश्वस्तांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"इमानदारीनं सांगतो भाऊ. वर्षात कळाया पायजे हुतं, न्हाई कळलं. अजून एक वर्ष लागंल."

"वर्षभर तुम्ही केलंत काय मग?" मॅडम म्हणाल्या.

"बघितलं, ताई."

त्यांना आणखी वर्ष मिळालं नाही. महिनाअखेर त्यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. गायकवाड सरांनी नारळ आणि शाल दिली. ती त्यांनी घेतली आणि शालीच्या शिवणीत एक धागा सुटलाय हे दाखवून दिलं. पण तपासणीच अपुरी राहिल्यामुळे विश्वस्तांना निर्णय घेता येईना. विषय पुढच्या बैठकीवर गेला, मग त्याच्या पुढच्या. हिंजवडीवाली कंपनी वाट बघून कंटाळली. आम्ही आपले होतो तिथंच राहिलो.

गायकवाड सरांचं तेव्हापासून पक्कं मत आहे की हा सगळा डाव होता. सरळ 'ठेवा' म्हटलं असतं तर विश्वस्तांनी ऐकलं नसतं, म्हणून माणसानं स्वतःवर मूर्खपणा ओढवून घेतला आणि आपल्याला वाचवलं. हे सांगताना त्यांचे डोळे ओले होतात. मलाही ते पटायला लागलं. कुणीतरी आपल्यासाठी एवढं केलं, हे मानायला फार बरं वाटतं.

पुढच्या वर्षी मला कायम केलं. पत्र हातात पडल्यावर आधी ह्यांना फोन केला आणि मग पेढे घेतले. सगळ्यांना वाटून उरलेला डबा घेऊन घरी निघाले होते, तर चाकणच्या चौकात, पाळी सुटायच्या गर्दीत, मुलाणी सर. एका छोट्या कारखान्यात पुन्हा तपासणीला जात होते म्हणे; कंपनीच्या बसची वाट बघत होते. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापुढे डबा धरला.

"सर, पेढा घ्या. कायम झाले मी."

"आरं वा! लई झ्याक झालं, साहेब." त्यांनी पेढा घेतला, निम्मा तोंडात टाकला. "कुनी केलं?"

"कुणी काय? तुम्हीच. तुम्ही त्या दिवशी तसं बोलला नसतात तर आम्ही आज कुठं असतो?"

"कसं बोललो?"

"माहीत नाही म्हणालात ना!" मला हसू आवरत नव्हतं. "आता तरी खरं सांगा. आम्हाला वाचवायलाच म्हणालात ना तसं?"

ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "न्हाई वो. खरंच म्हाईत नव्हतं. म्हाईत असतं तर सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"काय दिसंल ते. द्या भाईर, असं दिसलं असतं तर तसं."

माझं हसू तोंडावरच राहिलं. वर्षभर ज्या माणसाचे मनातल्या मनात पाय धरले होते, त्याला हे सांगताना काहीसुद्धा वाटत नव्हतं. "म्हणजे आम्हाला काढा म्हणून सांगितलं असतंत तुम्ही?"

"तुमाला कशाला काढा म्हणीन मी? तुमचं काम बघितलंय की मी. मी विभागाचं बोलतोय."

"अहो सर, विभाग म्हणजे आम्ही तिघंच होतो. दुसरं कोण होतं तिथं?"

ते चावायचे थांबले. बस आली, माणसं चढायला लागली, मागच्याने त्यांना जरा ढकललं तरी ते हलले नाहीत. काहीतरी जुळवून बघत असावेत असे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"वरीसभर बघितलं," ते म्हणाले, "आन् ह्ये दिसलं न्हाई मला."

उरलेला निम्मा पेढा हातात तसाच धरून ते बसमध्ये चढले. बस निघाली. मला त्यांचा इतका राग आला होता की रडू येत होतं, आणि त्याच वेळी बसमागे धावून अख्खा डबा त्यांच्या हातात द्यावासा वाटत होता.